सोडत कॉम्प्युटरनं काढली म्हणजे झालं का?

मा. संपादक,
स. न.

पार्किंगवरून सोसायट्यांमध्ये जी भांडणं लागतात त्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, म्हणून हे लिहितोय. हल्ली मुंबईत रीडेव्हलपमेंट झालेल्या बिल्डिंगींमध्ये पार्किंगच्या जागा वाटायला चिठ्ठ्या टाकायच्या भानगडीत कुणी पडत नाही, कमिटीतल्या कुणाचा तरी इंजिनिअरिंगला असलेला मुलगा लॅपटॉप घेऊन येतो, सी ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम चालवतो, स्क्रीनवर यादी येते आणि सेक्रेटरी जाहीर करतात की कॉम्प्युटरनं काढलंय, आता वाद नको. आणि खरंच कुणी वाद घालत नाही, स्टॅक पार्किंगमध्ये (एका गाडीवर दुसरी गाडी) वरची जागा आलेला माणूससुद्धा गपचूप घरी जातो. मी बरीच वर्षं मुलांना सी शिकवतोय, हे प्रोग्राम मुलं कसे लिहितात ते रोज बघतो, त्यामुळे सांगतो की वाद घाला.

सी मधलं रँड हे फंक्शन नशीब वगैरे काही काढत नाही हो. आधीच्या आकड्यांवर हिशोब करून पुढचा आकडा देतं, आणि हिशोब सुरू कुठून करायचा त्या आकड्याला सीड म्हणतात. सीड दिलंच नाही तर ते १ धरायचं असं सी च्या स्टँडर्डमध्येच लिहिलंय. म्हणजे लिनक्सवर जीसीसी ह्या कंपायलरनं (लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर) प्रोग्राम बनवला, सीड द्यायचं राहिलं आणि रँडला १०० नं भागून बाकी घेतली, तर ८३, ८६, ७७, १५, ९३, ३५, ८६, ९२, ४९, २१ हेच आकडे ह्याच क्रमानं येणार, आज चालवा नाहीतर दिवाळीत चालवा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर रँडचे पहिले तीन आकडे ४१, १८४६७, ६३३४. ज्यानं आदल्या रात्री घरी एकदा चालवून बघितलं त्याला निकाल आधीच पाठ. शिवाय वरच्या दहा आकड्यांत ८६ दोनदा आलाय बघा, म्हणजे एका जागेवर दोन गाड्या.

ह्यावर उपाय जुना आहे. समजा ४८ फ्लॅट, ते अॅरेत, म्हणजे नंबर दिलेल्या घरांच्या यादीत, ओळीनं भरायचे, शेवटच्या घरापासून सुरू करायचं, तिथपर्यंतच्या घरांतलं एक रँडमली निवडून अदलाबदल करायची, मग एक घर मागे यायचं. फिशर आणि येट्स ह्या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली हीच युक्ती कागद-पेन्सिलनं करायला दिली होती, १९६४ ला डर्स्टनफेल्डनं ती कॉम्प्युटरला बसेल अशी केली. पण मुलं काय करतात, प्रत्येक घराची अदलाबदल दरवेळी अख्ख्या अॅरेतल्या कुठल्याही घराशी करतात, दिसायला तर जास्तच मिसळल्यासारखं वाटतं. तीन फ्लॅट घेऊन मोजा. अशा अदलाबदलीच्या वाटा २७ आणि तीन जणांचे क्रम ६, आता २७ ला ६ नं भाग जातो का? काही क्रमांना पाच वाटा मिळतात, काहींना चारच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग, १ पासून ४८ पर्यंत फिरवणं आणि अदलाबदलीचं घरही १ ते ४८ मधूनच निवडणं. अॅरे शून्यापासून मोजतात, त्यामुळे पहिल्या घरातला १०१ नंबरचा फ्लॅट जागचा हलतच नाही, आणि ४८ वर गेलं की अॅरेच्या बाहेरचा भलताच आकडा यादीत घुसू शकतो, सी त्याबद्दल चकार शब्द काढेल याची खात्री नाही. १०१ मध्ये तुमच्याकडे कोण राहतं हे तुम्हालाच माहीत, मी काही सुचवत नाही.

जरा हुशार मुलगा असेल तर सीड म्हणून घड्याळातली वेळ देतो. ते बरं, पण ही वेळ सेकंदात असते, तासाला ३,६०० सेकंद. सकाळी अकरा ते बारा मीटिंग असेल तर ३,६०० निकाल आदल्या दिवशी काढून ठेवता येतात आणि आपल्याला हवी ती जागा देणाऱ्या सेकंदालाच एंटर दाबता येतो.

खरं तर ह्यातून वाट काय ते मुंबईला कुणी शिकवायला नको. मटका बेकायदा, त्याचं कौतुक करायचं नाहीये, पण सुरुवातीला तो खेळायचे न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजच्या ओपन-क्लोज भावांवर, ते टेलिप्रिंटरनं इकडे यायचे. तो भाव इथल्या कुणाच्याच हातात नव्हता. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं, मग मडक्यातल्या चिठ्ठ्या आणि पत्ते आले, आणि चिठ्ठी काढणाऱ्या हातावर विश्वास ठेवणं आलं.

तर सोसायट्यांनी एवढंच करावं, की प्रोग्राम आणि फ्लॅटची यादी आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर लावावी आणि अमुक तारखेचा सेन्सेक्सचा बंद आकडा हेच सीड असं तेव्हाच लिहून टाकावं. सेन्सेक्स ८१,२३४.५६ ला बंद झाला तर सीड ८१२३४५६. दुसऱ्या दिवशी तो तुमच्याच पेपरात छापून येतो, ज्याला शंका असेल त्यानं घरी चालवून बघावं. एकाच सीडला तेच आकडे येतात ही जी वर खोड म्हणून सांगितली तीच इथे कामाला येते. फक्त रँड कंपायलरगणिक वेगळं वागतं, म्हणून आकडे काढायचं सूत्रसुद्धा प्रोग्राममध्येच लिहिलेलं असावं.

एखादा जाणकार म्हणेल की इतक्याशा सीडमधून सगळे क्रम निघणारच नाहीत. मान्य. ३२ बिटचं (बत्तीस शून्य-एकांचं) सीड घेतलं तरी जेमतेम ४२९ कोटी निकाल, आणि नुसत्या १३ फ्लॅटचे क्रम ६२२ कोटींच्या वर जातात. पण पार्किंगच्या भांडणात निकाल आधी कुणाला कळला होता का एवढंच विचारलं जातं. हजारो अर्जांच्या सोडतीची गोष्ट वेगळी, तिथे रँड वापरूच नये. काही कंपायलरमध्ये ते ३२,७६७ च्या पुढे जात नाही, मग २०,००० अर्जांना बाकी काढून नंबर दिले तर पहिल्या १२,७६८ अर्जांना बाकीच्यांच्या दुप्पट संधी मिळते.

गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर सोडत काढा असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहेच, सहकार खात्यानं त्यात प्रोग्राम आणि सीड आधी जाहीर करायची एक ओळ वाढवावी.

आपला,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई