पोस्टरवर आमचा गोलकीपर कधी दिसणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या क्रीडा पानावर एका वाचकाचं पत्र वाचलं, की आपल्याकडे फुटबॉलला प्रेक्षकच नाही, लोक रात्री जागून युरोपातल्या मॅच बघतात पण घराजवळच्या स्टेडियमला जात नाहीत, मग क्लबवाल्यांनी तरी किती वर्षं पैसे घालायचे. वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये, कारण मी जाणारा माणूस आहे. कोथरूडहून गाडीला किक मारून चांदणी चौकातून बालेवाडी स्टेडियम, पावसात, थंडीत, ऑफिस सुटल्या सुटल्या, कितीतरी सीझन केलंय आणि माझ्यासारखे अजून बरेच होते. प्रेक्षक नव्हता हे खोटं आहे. प्रेक्षक होता, पण त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही, म्हणून हे पत्र.

आधी पुण्याचंच बघा. पुणे एफसी २००७ ला सुरू झाली, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगमध्ये, दुसरी आली, म्हणजे अख्ख्या देशात दुसरी, आणि २०१५ ला सिनियर टीम बंद. भारत एफसी एकच सीझन खेळली. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन सीझन. एफसी पुणे सिटी आयएसएल (इंडियन सुपर लीग) ह्या दुसऱ्या, नव्या लीगच्या २०१४ च्या पहिल्या सीझनपासून होती, २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत गेली आणि २०१९ ला तिची जागा हैदराबादला गेली. तिकडे मुंबईत महिंद्रा युनायटेड, आय-लीगच्या आधीची, २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली टीम, २०१० ला बंद केली. मुंबई एफसी २०१७ ला लीगमधून खाली गेली आणि संपली. दहा वर्षांत दोन शहरांतले सहा क्लब. पैशाचं गणित अवघड असतं हे मला पण कळतं, वर दोन-दोन लीगचा घोळ होता, कुठली मोठी कुठली छोटी हेच ठरत नव्हतं, त्यामुळे सगळं खापर मार्केटिंगवर फोडायचं नाहीये. पण ह्या सगळ्या काळात मी स्टँडमध्ये बसून जे बघितलं त्यातनं एक गोष्ट माझ्या मनात पक्की झालीय, की क्लबची जाहिरात करणाऱ्यांना फक्त पहिल्यांदा येणारा माणूस पाहिजे असतो. जो एकदाच येणार, हिरो बघणार, सेल्फी काढणार आणि जाणार, त्याच्यासाठी सगळा खर्च. जो दर मॅचला येतो त्याला धरूनच चालतात, हा येणारच आहे कुठं जातोय.

आयएसएल सुरू झाली तेव्हाचं आठवा. बहुतेक टीममागे एखादा फिल्मस्टार नाहीतर क्रिकेटर, मुंबईला रणबीर, पुण्याला हृतिक, चेन्नईला अभिषेक, केरळला सचिन, कोलकात्याला गांगुली. आणि प्रत्येक टीमचा एक मार्की खेळाडू, म्हणजे बाहेरून आणलेला मोठ्या नावाचा, आपल्याकडे त्रेझेगे, मुंबईत ल्युंगबर्ग, गोव्यात पिरेस, दिल्लीत देल पिएरो. माझा त्याला विरोध नव्हता हो. ९८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या फ्रान्सच्या टीममधला त्रेझेगे बालेवाडीत समोर पळताना बघितला, तो आनंद मी विसरणार नाही. पण पुढच्या वर्षी तो माणूस नाही, दुसरा चेहरा, परत नवीन पोस्टर, परत पहिल्यापासून ओळख. आणि जी पोरं चार-चार वर्षं इथंच खेळली, ईशान्येकडची, केरळची, गोव्याची, बंगालची, ती पोस्टरवर कुठं मागं धूसर उभी. क्लबच्या गोलकीपरचं नाव रस्त्यावरच्या दहा लोकांना विचारलं असतं तर एकानं पण सांगितलं नसतं, मालकाचं मात्र सगळ्यांनी सांगितलं असतं. जाहिरात केली कुणाची मग?

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, क्लबचं नाव घालत नाही. आम्ही सहा-सात जणांनी मिळून मराठीत एक मोठं कापडी बॅनर रंगवलं होतं, दोन रात्री जागून, कुणाच्या तरी पार्किंगमध्ये पसरून, टीमच्या एका डिफेंडरचं नाव घालून. गेटवर सांगितलं आत नेता येणार नाही, स्पॉन्सरचा बोर्ड झाकला जाईल. म्हटलं बोर्डपासून लांब धरतो, वरच्या रांगेत धरतो, तर नाहीच. बॅनर गाडीला बांधून ठेवलं बाहेर. आत गेलो तर प्रत्येक खुर्चीवर क्लबनंच छापलेला पुठ्ठा, एका बाजूला इंग्लिशमध्ये घोषणा, दुसऱ्या बाजूला कंपनीची जाहिरात, आणि माईकवरचा माणूस सांगणार आता पुठ्ठा वर करा, कॅमेरा येतोय. हाफटाइमला माझ्या मुलाला जर्सी घ्यायला काउंटरवर गेलो, त्याला त्याच डिफेंडरच्या नावाची पाहिजे होती, तर म्हणे फक्त मार्की प्लेयरची आहे. पोरगं तेव्हा नऊ वर्षांचं. त्यानं बिननावाची घेतली आणि घरी येऊन स्केचपेननं पाठीवर नाव लिहिलं, पहिल्याच धुण्यात ते पसरलं. ती जर्सी अजून कपाटात आहे.

त्या डिफेंडरला कधीतरी आमच्या भागातल्या शाळेत अर्धा तास आणला असता तर किती खर्च आला असता?

चांगलं मार्केटिंग कसं असतं ते आपण महाराष्ट्रातच बघितलंय आणि त्याला एक रुपया लागला नव्हता. जून २०१८, अंधेरीच्या मैदानावर इंटरकॉन्टिनेंटल कप. भारत चायनीज तैपेईला ५-० हरवतो आणि बघायला जेमतेम अडीच हजार लोक. दुसऱ्या दिवशी भारताचा कॅप्टन सुनील छेत्रीनं मोबाईलसमोर उभं राहून व्हिडिओ केला, साध्या भाषेत, की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. बास. ४ जूनला केनियाविरुद्धची मॅच हाउसफुल. मी पुण्याहून गेलो होतो, धो धो पाऊस, अंगावर कोरडा धागा नाही, कुणी जागचं हललं नाही. छेत्रीची शंभरावी मॅच होती, दोन गोल त्यानं केले, आपण ३-० जिंकलो. ना लाइट शो ना हिरोइन. एका खेळाडूनं लोकांना माणूस समजून बोलावलं आणि लोक आले. त्यानंतर मला वाटलं होतं सगळे क्लब यातनं शिकतील, आता खेळाडू बोलायला लागतील, पण कुठलं काय.

आणि कोल्हापूर तर सगळ्यांच्या नाकासमोर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या दोन तालमींच्या टीमची मॅच असली की पेठा रिकाम्या होतात. तिथं कुठला ब्रँड मॅनेजर आहे? चौकात फ्लेक्स लागतो, त्याच्यावर गल्लीतल्याच पोराचा फोटो, ज्याला सकाळी दूध आणायला जाताना सगळे बघतात, त्याची आजी त्या फ्लेक्सखालनं भाजी घेऊन जाते. तालमीचं नाव हीच जाहिरात. भांडणं होतात, कधी कधी नको तितकी होतात, ते चांगलं नाही हे पण लिहितो. पण तिथल्या पोराला मैदान आपलं वाटतं. तिथूनच अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. पुण्यात इतके क्लब होऊन गेले, त्यातल्या एकाला तरी वाटायला पाहिजे होतं ना की सीझनमध्ये एक बस भरून कोल्हापूरचे लोक आणावेत, सांगली मिरजेचे आणावेत. आम्ही काहींनी तेव्हा हे ईमेलवर सुचवलं पण होतं, उत्तर आलं ते तिकिटांच्या ऑफरचं.

नाव आणि रंग हे क्लबच्या मालकांना पॅकिंग वाटतं, आम्हाला तसं नाही वाटत. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारा वेल्सचा कार्डिफ सिटी, निळ्या जर्सीचा क्लब, लोक त्यांना ब्लूबर्ड्स म्हणतात, त्यांच्या मालकानं २०१२ ला जर्सी लाल केली, लोक भांडत राहिले आणि जानेवारी २०१५ ला निळा परत आला. लांब कशाला, कोलकात्यात बघा. मोहन बागान १८८९ चा क्लब, १९११ ला इंग्रजांच्या रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड ही मोठी स्पर्धा जिंकलेला, त्याच्या नावापुढे २०२० ला एटीके लावलं, कारण ते नव्या मालकांच्या आधीच्या आयएसएल क्लबचं नाव. फॅन्सनी तीन वर्षं एकच मागणी लावून धरली की ते काढा. २०२३ ला टीम आयएसएल जिंकली आणि तिथंच मालकांनी जाहीर केलं की एटीके काढतोय. मागं सुपर जायंट लावलं ते वेगळं, पण लोकांनी हलवलं हे खरंय. आमच्या पुण्यात असं भांडायला क्लब तितका टिकला पण नाही.

आणि आता हे ताजं. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा सीझनच होल्डवर टाकला, लीग चालवणाऱ्या कंपनीचा फुटबॉल फेडरेशनशी असलेला करार संपत आला म्हणून. खेळाडू घरी बसून. डिसेंबरमध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, लोकांनी हजारो रुपये देऊन तिकिटं काढली, आणि त्याच महिन्यात देशातली सगळ्यात मोठी लीग अजून सुरूच झालेली नव्हती. मेस्सीला बघायला गेलेल्यांना मी नावं ठेवणार नाही, माझा मुलगा पण गेला असता. पण त्या गर्दीकडे बोट दाखवून कुणी म्हणू नये की आपल्याकडे फुटबॉलला प्रेक्षक नाही.

पुण्यात परत कधी मोठा क्लब आला, येईल असं मला अजून वाटतं, तर त्याच्या लोकांनी पहिल्या महिन्यात होर्डिंग लावायच्या आधी स्टँडमध्ये येऊन बसावं. मराठीत लिहावं, नुसतं गणपती आणि महाराष्ट्र दिनाला नाही, मॅचच्या दिवशी पण. रात्री दहाला मॅच सुटल्यावर बालेवाडीहून स्वारगेटला जायला पीएमटी आहे का हे बघावं, कारण बस नसेल तर कॉलेजची पोरं येतच नाहीत, कितीही मोठा हिरो आणा. पोस्टरवर गोलकीपर असावा, सेंटर बॅक असावा, लेफ्ट बॅक असावा.

आणि संपादक साहेब, एक विनंती तुम्हाला पण आहे. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगच्या मॅच होतात, शाळांच्या होतात, पण कुठल्या ग्राउंडवर किती वाजता ते दुसऱ्या दिवशी निकाल छापून आल्यावर आम्हाला कळतं. शनिवारच्या अंकात एका कोपऱ्यात चार ओळी छापा, ग्राउंड, वेळ आणि दोन्ही टीमची नावं. मी मुलाला घेऊन जाईन, तो आता अठराचा आहे आणि स्वतः लेफ्ट बॅक खेळतो.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे