काऊमधला क

जांबोटी, ता. खानापूर
2 जून

प्रिय दोस्ता,

तुझे दोन फोन आले आणि दोन्ही वेळा मी नुसतं "होय, होय" करून ठेवून दिले. तुला वाटलं असेल, मास्तर रागावला. राग कसला रे! ऐकूच येत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. दुसऱ्या फोनवर तू वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतास आणि मी मधेच हसलो म्हणे. स्पीकर चालू होता म्हणून हिच्या कानावर पडलं. त्याची माफी आधी, मग बाकीचं.

गेल्या दिवाळीत परड्यातल्या जास्वंदीवर शिंजीर बसला होता. चोच उघडतोय, गळा थरथरतोय, आवाज मात्र नाही. मूकपट! मी नातीला म्हटलं, "बघ, याचा घसा बसलाय." ती म्हणाली, "आज्जा, केवढ्यानं ओरडतोय तो!"

मग मी हिशेब करत बसलो, कोण कोण गेलं. चष्मेवाल्या पाखरांचा थवा आंब्यातून जाताना किणकिण करायचा, ती गेली. फुलटोच्याची टिकटिक गेली. उरलं कोण? भारद्वाजाचं ऊप् ऊप्, फणसावरचा कुटुर्गा, होला, आणि कावळा. माणसांचंही तेच. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. ही साखर मागायची, मी भाकर नेऊन द्यायचो.

बेळगावच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वय झालं की आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते टिकतात. स, ख, त, क अशी व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळतात. कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात केसाळ पेशी. नळीच्या तोंडाशी असतात त्या उंच सूर पकडतात, आणि त्याच आधी झिजतात. माणसाला त्या परत येत नाहीत. आता पुढचं ऐक. पक्ष्यांना येतात! कोंबडीच्या पिलाच्या या पेशी मोठ्या आवाजाने मेल्या, तरी काही आठवड्यांत नव्या उगवतात. 1980 च्या दशकात हा शोध लागलाय. म्हणजे आमच्या दारचा कोंबडा मरेपर्यंत स्वतःची बांग ऐकणार, आणि 34 वर्षं पोरांना "कान देऊन ऐका" म्हणून दरडावलेला मी भाकर घेऊन उभा.

कानाचं मशीन घ्यायला गेलो त्याची एक गंमत. काउंटरवरच्या पोराने मराठीत काहीतरी विचारलं. मी गप्प. त्याला वाटलं, माणूस कन्नड असेल, कन्नडात विचारलं. मी गप्प. मग हिंदी झाली. शेवटी ही म्हणाली, "अहो, त्यांना कुठलीच ऐकू येत नाही!" इतकी वर्षं भिजत पडलेला सीमाप्रश्न माझ्या कानांनी एका मिनिटात निकालात काढला बघ.

पहिले आठ दिवस नुसता वैताग. पंख्याची घरघर, पेपरचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं, आणि स्वतःचं चपाती चावणं! काढून डब्यात टाकलं. मग एका रात्री लाइट गेली. पंखा बंद, टीव्ही बंद, म्हटलं आता लावून बघू. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तोंडाला आला तो अभंग म्हटला: पैल तो गे काऊ कोकताहे.

लेका, क ऐकू आला. काऊमधला एक, कोकताहेमधले दोन. दारावर कुणी बोटाने तीनदा टकटक करावं तसे. गेली दोन वर्षं ही ओळ माझ्या कानात "आऊ ओअआहे" अशी पडत असणार आणि मला पत्ताच नव्हता, कारण गाळलेल्या जागा डोकं आपोआप भरत होतं. मास्तरकीचा गुण! अंधारात तीच ओळ मी किती वेळा म्हटली कोण जाणे. ही आतून ओरडली, "आता पुरे, येईल तो पंढरीराव."

आणि मग लक्षात आलं की ज्ञानदेवांनी कोकीळ घेतला नाही. कावळा घेतला. उडून शकुन सांग, तुझे पाय सोन्याने मढवते, असं त्या कर्कश प्राण्याला म्हणणारी ती बाई. वर्गात मी "कावळा ओरडला की पाहुणा येतो अशी समजूत आहे" एवढं सांगून पुढच्या कडव्याकडे वळायचो. पण बाकीचे एकेक करून मुके झाले तेव्हा माझ्या कौलावर येऊन रोज बोलत राहिला तो हाच. त्याला मी खडे मारलेत रे, वाळत घातलेल्या सांडग्यांपायी. हल्ली रोज भाकरीचा तुकडा ठेवतो. सोनं आपल्याला परवडणारं नाही.

तुझी निळी वही माझ्याकडे आहे, हेही कबूल करून टाकतो. आरपीडी कॉलेजात असताना तू इंदिरा संतांचं 'मृगजळ' लायब्ररीतून आणून अख्खं उतरवलं होतंस, ती. हरवली म्हणून तू माझ्या नावाने बोंब मारलीस, ती बरोबरच होती. बाई आपल्याच बेळगावात राहतात याचं केवढं कौतुक होतं आपल्याला, आणि दार वाजवायचं धाडस दोघांनाही झालं नाही. तेव्हा आपण कविता डोळ्यांनी खात होतो. आता रोज संध्याकाळी एक, हळू आवाजात म्हणतो. मोठ्याने म्हणायला गेलं की त्या कविता अंग चोरतात. त्यांना पुटपुटणंच मानवतं, हे कळायला मला बहिरं व्हावं लागलं.

आता परवाची गोष्ट. वळीव पडून गेला होता. पहाटे साडेपाचला मलप्रभेवर गेलो. कणकुंबीहून निघालेली ती आमच्याकडे अजून परकरी पोरगीच, खडकांतून उड्या मारणारी. पलीकडून शीळ आली. वाटलं, गुरं घेऊन आलेला पोरगा असेल. मग दिसला: काळानिळा, खांद्यावर झगझगीत निळा पट्टा. शीळकरी कस्तूर! त्याच्या गाण्याला ना तोंड ना बूड. अर्धवट आठवणारी चाल एखाद्याने आठवत आठवत वाजवावी, मधेच विसरावी, दुसरीच धरावी, तसं. मी मुद्दाम मशीन काढून बघितलं. शीळ येत होती, पण शेंडे छाटल्यासारखी. परत लावलं. मग दयाळ सुरू झाला. आणि या सगळ्याच्या मागे, जांभळीतून, अगदी बारीक किणकिण. चष्मेवाले! म्हणजे ते कुठे गेलेच नव्हते.

खडकावर बसून राहिलो. रडलो वगैरे नाही, तू तसं समजू नको. नाक तेवढं ओढावं लागलं, आणि ते ओढणंसुद्धा केवढ्यानं ऐकू आलं! घरी येऊन नातीला सांगितलं, तर ती म्हणते, "त्यात काय, मला रोज येतात की ऐकू." तिचंही खरंच आहे.

एक अडचण आहे. कस्तूर रंगात येतो तो भर पावसात, आणि मशीनला ओल अजिबात चालत नाही. आमच्याकडचा पाऊस तुला माहीत आहे, जूनमध्ये भिंतीला हात लावला तरी पाणी लागतं. रात्री मशीन सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवायचं, बाहेर पडताना छत्री, वर टोपी, आणि थेंब आला की काढून खिशात. त्यामुळे यंदाचं गाणं हप्त्याहप्त्यानेच मिळणार. मिळेल तेवढं घेऊ.

इथे धूळवाफ पेरण्या उरकत आल्यात, पावशा दिवसभर "पेरते व्हा" करून डोकं उठवतोय. मृग लागायच्या आत येऊन जा. वहिनींना चालवत नसेल तर गाडी थेट दारापर्यंत येते. फणस कापायचा ठेवलाय. येताना पुण्याहून 312 नंबरच्या बॅटऱ्यांची चार पाकिटं आण, खानापुरात मिळत नाहीत. वही न्यायची असेल तर ने, पण मला आधी तिची झेरॉक्स काढू दे.

आणि फोन कर. गुडघ्याचं पहिल्यापासून सांग.

तुझा,
मास्तर