कडे, स्कार्फ आणि शाळेचे परिपत्रक

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या मोबाइलवर शाळेच्या सूचना एकामागून एक येऊ लागतात. बुटांचा रंग, मोज्यांची उंची, केस, नखे, मुलींच्या रिबिनीसुद्धा त्यातून सुटत नाहीत. नेरुळच्या ज्या शाळेत माझा मुलगा शिकतो, तिच्या सूचनांत यंदा एक नवी ओळ आली: ‘विद्यार्थ्यांनी कोणतेही धार्मिक चिन्ह धारण करून शाळेत येऊ नये, हा नियम सर्वांना समान लागू राहील.’ मी त्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे आणि ही ओळ संघापुढे चर्चेला आलेली नव्हती. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार एका शाळेपुरती नाही. अशाच ओळी असलेली परिपत्रके इतर शाळांच्या पालकांनीही मला दाखवली आहेत. त्यांची भाषा इतकी मिळतीजुळती आहे की ती सगळी एखाद्याच मसुद्यावरून उतरवून घेतली असावीत.

पहिल्याच आठवड्यात फाटकावर तपासणी झाली. सहावीतल्या एका शीख मुलाला हातातले पोलादी कडे काढायला सांगण्यात आले. कडे लहानपणी घातलेले, हात वाढला तसे घट्ट बसलेले. ते निघेना, तेव्हा शिपायाला साबण आणायला पाठवले आणि प्रार्थना संपेपर्यंत तो मुलगा नळाजवळ हाताला साबण चोळत उभा होता. कडे निघाले नाहीच, अंगठ्याच्या बुडाशी कातडे मात्र सोलले. आठवीतल्या एका मुलीने गणवेशाच्याच रंगाचा पांढरा स्कार्फ बांधला होता. तिला पहिले दोन तास कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवून ठेवले. दोघांच्याही डायरीत लाल शाईचे शेरे पडले. त्याच रांगेतून माझा मुलगा मनगटावरचा लाल-पिवळा धागा घेऊन वर्गात गेला आणि त्याला कोणी हटकले नाही. गणपतीची पदके, टिकल्या, काळे दोरे हे सगळे बिनबोभाट आत गेले. तपासणी करणाऱ्या सरांच्या मनात कुणाविषयी आकस होता असे मला वाटत नाही. तो धागा इतका रोजच्या पाहण्यातला की तो धार्मिक चिन्हांत मोडतो हे त्यांच्या ध्यानातच आले नसावे, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. समान म्हणून लिहिलेला नियम ज्याच्या हाती अंमलबजावणी असते त्याच्या सवयीप्रमाणे चालतो, आणि त्या सवयीत बहुसंख्याकांच्या खुणा कधीच खटकत नाहीत.

याच शाळेच्या पटांगणात आषाढीला दिंडी निघते. छोट्या शिशूतली मुले विठ्ठल-रुक्मिणी होतात, गळ्यात माळा असतात, कपाळाला बुक्का लागतो, आणि त्याची छायाचित्रे शाळा कौतुकाने सगळ्यांना पाठवते. मला ही दिंडी मनापासून आवडते आणि ती बंद व्हावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण जे पटांगण टाळ-मृदंगाने बाटत नाही, तिथली शिस्त एका कड्याने कशी बिघडते, हे शाळेने सांगायला हवे. हे सारे उलट बाजूनेही घडते. घरच्या लग्नात काढलेल्या मेंदीवरून किंवा टिकलीवरून हिंदू मुलींना बोल लावणाऱ्या शाळा आपल्याकडे आहेत आणि तिथे चूक शाळेचीच असते. खेद एवढाच की तिथे आवाज उठवणारे स्कार्फच्या वेळी गप्प असतात आणि स्कार्फसाठी उठणारे टिकलीच्या वेळी दिसत नाहीत.

शाळेच्या बैठकीत मी प्रश्न विचारला, तेव्हा ‘हायकोर्टाचा निकाल आहे’ एवढ्या एका वाक्यावर माझी बोळवण झाली. निकाल आहेत, पण ते पुरते सांगितले पाहिजेत. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाब हा इस्लाममधला अत्यावश्यक आचार नाही असे ठरवून गणवेशाचा सरकारी आदेश उचलून धरला. त्यावरच्या अपिलात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशू धुलिया यांची मते परस्परविरोधी पडली आणि मोठे पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे गेले. आपल्या जवळचे उदाहरण चेंबूरच्या एका महाविद्यालयाचे. तेथील बंदीविरुद्धची विद्यार्थिनींची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळली. मात्र ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅज यांच्यापुरती त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. टिळा लावून येणाऱ्यालाही अडवणार का, असे खंडपीठाने त्या वेळी विचारले होते. वर्गात बुरखा चालणार नाही, हेही त्याच आदेशात आहे आणि ते मला मान्य आहे. शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसलाच पाहिजे. शाळेची बाजू घेणारा केरळ उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकालही मला ठाऊक आहे. तात्पर्य, कायद्याने हा प्रश्न शाळांच्या बाजूने कायमचा मिटवलेला नाही. कड्याच्या बाबतीत तर हायकोर्टाचे नाव घेण्याआधी राज्यघटना उघडून पाहावी. अनुच्छेद २५ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हे शीख धर्म प्रकट करण्यात समाविष्ट आहे, असे शब्दांत लिहिले आहे. जी घटना कृपाणाला जागा देते, तिच्या छत्राखाली चालणाऱ्या शाळेत कड्यासाठी साबण मागवला जातो!

‘हे तुमच्या धर्मात सक्तीचे आहे का?’ हा प्रश्न मुलांना आणि पालकांना हल्ली सर्रास विचारला जातो. मला तो प्रश्नच गैरलागू वाटतो. १९८६ साली केरळमधल्या तीन भावंडांच्या प्रकरणात (बिजो इमॅन्युएल खटला) सर्वोच्च न्यायालयाने वेगळी कसोटी लावली होती. यहोवाचे साक्षीदार या छोट्या ख्रिस्ती पंथाची ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिले की एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते की नाही हा प्रश्न नसून ती प्रामाणिकपणे, मनापासून बाळगलेली आहे की नाही हा आहे. मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश निघाला.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. डर्बनच्या एका मुलींच्या शाळेत सुनाली पिल्लै ही तमिळ हिंदू वंशाची मुलगी २००४ साली सुट्टीनंतर नाकात चमकी घालून आली. शाळेला कानातले साधे खडे चालत होते, नाकातली चमकी चालत नव्हती. तिथे अल्पसंख्य आपण होतो. प्रकरण देशाच्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि २००७ साली निकाल लागला. चमकी धर्माने सक्तीची नाही, हे तर उघडच होते. तरीही सरन्यायाधीश पायस लांगा यांनी म्हटले की संरक्षण सक्तीच्या आचारांना मिळते तसेच स्वखुशीने पाळलेल्या आचारांनाही मिळाले पाहिजे. दोन वर्षांहून अधिक काळ ती चमकी घालून शाळेत येत होती आणि त्याने शिस्त बिघडल्याचा पुरावा शाळेला देता आला नव्हता. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या एका चौदा वर्षांच्या शीख मुलीच्या बारीकशा कड्याबद्दल असाच निकाल लागला. त्या शाळेला मनगटावर घड्याळ चालत होते, कडे चालत नव्हते.

सक्तीचे म्हणाल तर वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ कुठल्या ग्रंथाने सक्तीची केली आहे? माळ घालणारा आपल्या मनाने घालतो आणि एकदा घातली की काढत नाही. माळ तुटली तर ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्नाला न शिवणारी माणसे आपल्या गावाकडच्या घरांत आहेत. अशा घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला फाटकावर माळ काढून दप्तरात टाकायला सांगितले, तर त्याच्या आजीला काय वाटेल हे कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. त्या शीख मुलाच्या आजीचेही मन याच जातीचे आहे.

या बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे मला विचार करण्याजोगे वाटतात. गणवेशाने गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो, हा पहिला. तो खरा आहे, आणि म्हणूनच महागडी घड्याळे आणि बूट यांवर शाळांनी कडक राहावे. लोखंडाच्या कड्याने किंवा दोन हात कापडाने कुणाची श्रीमंती दिसत नाही. दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. स्कार्फ मुलीच्या इच्छेचा असतो की घरच्या दडपणाचा? काही घरांत दडपण असते, हे मी नाकारत नाही. पण ज्या घरात मुलीला स्वतःचे मत नाही, त्या घरातली मुलगी ‘स्कार्फ काढ, नाहीतर घरी जा’ असे शाळेने म्हटल्यावर स्कार्फ काढील असे कोण मानतो? ती घरी जाईल, आणि पुढच्या वर्षी दाखला काढून नेला जाईल. मुंब्रा-कौशाकडच्या पालकांशी जे बोलतात त्यांना मुलींची शाळा सुटण्याला किती लहानसे निमित्त पुरते हे माहीत आहे. न्या. धुलिया यांच्या निकालपत्राचा भर याच गोष्टीवर आहे: मुलगी शाळेत टिकावी, हे आधी पाहा. दडपणाविरुद्ध उभे राहण्याचे बळ तिला कुठे मिळायचे असेल तर ते वर्गातच मिळेल, कार्यालयाबाहेरच्या बाकावर नाही.

मार्ग काढायचाच म्हटले तर तो सापडतो. २०१६ साली वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या पोशाख-नियमावर केरळ उच्च न्यायालयाने हेच केले: स्कार्फ आणि लांब बाह्यांचा पोशाख घालणाऱ्या मुलींनी अर्धा तास आधी यावे आणि तपासणी करून घ्यावी. आज ‘नीट’च्या सूचनांतही धार्मिक पोशाखातल्या परीक्षार्थींनी लवकर पोहोचावे, अशी तरतूद असते. लाखो मुलांच्या, इतक्या संशयी वातावरणातल्या परीक्षेला जे जमते, ते चाळीस मुलांच्या वर्गाला जमू नये? हेल्मेटसक्तीतून पगडीधारी शिखांना मोटार वाहन कायद्यानेच वगळले आहे. शाळेने स्कार्फचा रंग आणि लांबी ठरवून द्यावी, प्रयोगशाळेत बर्नरजवळ तो नीट खोचून घ्यायला लावावा, कबड्डीच्या तासाला कड्यावर मनगटपट्टी चढवायला सांगावी. सुरक्षिततेचे कारण असेल तिथे कोणताही शहाणा पालक वाद घालणार नाही.

ठाण्याला हे नवे नाही. टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आजही उभे आहे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली तिथे टोपी घालून प्रार्थनेला जात आले आहेत. सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत तर देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसे आली. कळंबोलीच्या पोलाद बाजाराने आणि मालवाहतुकीने कितीतरी शीख कुटुंबे इथे आणली. या शहरांतल्या शाळांच्या हजेरीपटावरची नावे वाचली तरी कोण कुठल्या घरातून आले आहे ते कळते. नावे काही शाळेला फाटकावर उतरवून ठेवता येणार नाहीत.

राहता राहिला त्या दोन तासांचा प्रश्न. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. पोशाखावर शाळेचे आणि पालकांचे मतभेद असतील तर ते मोठ्यांनी आपसांत सोडवावेत. तोवर मूल वर्गाबाहेर बसणार नाही, त्याच्या अंगावरच्या वस्तूला कोणी हात लावणार नाही आणि चारचौघांत त्याची झडती होणार नाही, एवढी लेखी सूचना जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आणि ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या शिक्षण विभागांनी सर्व शाळांना द्यावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. ज्या शाळेला एखादे चिन्ह मना करायचे असेल तिने त्याचे कारण लेखी द्यावे, आणि ते देण्यापूर्वी विषय पालक-शिक्षक संघापुढे ठेवावा. आमच्या शाळेच्या पुढील बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. त्या दोन मुलांच्या डायरीतले शेरे रद्द करण्याची मागणी त्यात पहिली असेल.

आपला,
एक पालक, नेरुळ, नवी मुंबई