बास्केटबॉल कोर्ट सांभाळणाऱ्या काकांना, हंगामाच्या तोंडावर

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हंगामाआधीचा सराव सुरू होण्यापूर्वी दोन्ही रिंगांची उंची तुम्ही पुन्हा मोजून घेतलीत, त्याबद्दल सगळ्यात आधी आभार. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत ३.०५ मीटर, त्यात फरक चालतो तो जेमतेम ६ मिलिमीटरचा. बहुतेक ठिकाणी टेप एकदाच लावतात. तुम्ही समोर, डावीकडे, उजवीकडे अशी तीनदा लावता आणि मग रिंगवर आडवी पट्टी टाकून तिच्यावर लेव्हल ठेवता. हे महत्त्वाचं आहे, कारण खेळाडूंच्या लटकण्यामुळे रिंग पुढून झुकते आणि मागच्या बोर्डाजवळ मोजलं तर उंची बरोबरच दिसते.

पुढून झुकलेली रिंग शॉट मारणाऱ्याकडे जरा तोंड करून असते, त्यामुळे सपाट आलेला बॉलही आत जातो. या दिवसांत एकेक मुलगा रोज दोनशे-तीनशे शॉट मारतो. तसल्या रिंगवर मारले तर हात तो सपाट शॉटच पाठ करतो, आणि दुसऱ्यांच्या सरळ रिंगवर तोच बॉल पुढच्या कडेला आपटून परत येतो. मग सगळे त्याचं कोपर आणि मनगट तपासत बसतात. दोष असतो ढिल्या बोल्टमध्ये. बोल्ट आवळायची तुमची पद्धतही शिकण्यासारखी आहे: एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही, तर कर्णातले समोरासमोरचे थोडेथोडे, आणि शेवटी परत टेप. रिंग घट्ट बसली की रिबाउंडही, म्हणजे शॉट चुकून परत उसळलेला बॉलही, खरा मिळतो. ढिली रिंग बॉलचा जोर खाते, बॉल खालीच पडतो, आणि बॉक्स आउट करणाऱ्यांना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून रिबाउंडसाठी जागा धरणाऱ्यांना, रिंगच्या फार जवळ उभं राहायची खोड लागते.

पण खरे आभार मानायचे आहेत ते फरशीचे. लाकडी कोर्टावर धूळ दिसत नाही, ती बुटाला कळते. डिफेन्स स्लाइडमध्ये (बचाव करताना बाजूला सरकताना) किंवा जंप स्टॉपला (दोन्ही पायांवर एकदम थांबताना) पाय दोन बोटं जरी सरकला, तरी खेळाडू नकळत पावलं आखडती घेतो, गुडघे कमी वाकवतो, उभा राहून डिफेन्स करायला लागतो. जांघेचा स्नायू ओढला जातो तोही अशाच सरकण्यात. म्हणूनच सरावाआधी तुम्ही कोरडा मॉप लांबीच्या दिशेने एका बेसलाइनपासून (रिंगमागच्या रेषेपासून) दुसरीपर्यंत मारता, मध्येच उचलत नाही, वळताना धुळीची कड पुढेच ठेवता, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर वीतभर चढवता. मॉप उचलला की गोळा झालेली धूळ तिथेच सांडते, हे तुम्ही सांगितल्याशिवाय आमच्या ध्यानात आलं नसतं.

बादलीभर पाणी ओतून फरशी धुवायला तुमचा ठाम नकार असतो, तोही योग्यच. फळ्यांच्या सांध्यात पाणी मुरलं की लाकूड फुगतं, फळीच्या कडा वर येतात आणि तिथे बॉल वेडावाकडा उसळतो. साबणाचा थर राहिला तर पकड जाते. घाम सांडला की दोन फडकी: पहिलं टिपायला, दुसरं कोरडं करायला. एकाच फडक्याने पुसलं तर घाम फक्त पसरतो.

डाव्या कोपऱ्याजवळ फळी खालून सुटली आहे, हे तुम्ही ड्रिबल करत करत, नुसत्या आवाजावरून ओळखलंत. तिथे बॉल ‘ठक’ न वाजता ‘धप’ वाजतो आणि कमी उसळतो. दुरुस्ती होईपर्यंत तुम्ही लावलेल्या निळ्या टेपमुळे बॉल पुढे नेणारे गार्ड तिथे क्रॉसओव्हर, म्हणजे टप्पा देत बॉल एका हातातून दुसऱ्या हातात घेणं, टाळतात.

बॉलचंही तसंच. बॉलचा खालचा भाग १.८ मीटर उंचीवर धरून सोडायचा. उसळल्यावर वरचा भाग १.२ ते १.४ मीटरच्या दरम्यान आला पाहिजे. तुम्ही बाराही बॉल एकसारखे ठेवता. एक टणक आणि एक मऊ असला की हाताला कशाचाच अंदाज बसत नाही. सुई ओली करूनच आत घालायची, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल रोज हवा सोडतो, हे आता प्रत्येकाला पाठ आहे. नवे बॉल सिमेंटवर नेऊ दिले नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. खरखरीत जमिनीवर त्यांचे दाणे चार दिवसांत घासून जातात.

कोपऱ्यातली तीन गुणांची रेष तुम्ही नव्याने आखलीत. बाकी रेष रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर असली तरी कोपऱ्यात ती साइडलाइनपासून फक्त ९० सेंटिमीटर आत असते. तेवढ्या पट्टीत दोन्ही पाय बसवून बॉल घ्यायचा असतो. रेष पुसट असेल तर पाय बाहेर कधी गेला ते कळतसुद्धा नाही. आणि शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ: आक्रमणातला, म्हणजे आपल्याच चुकलेल्या शॉटचा, रिबाउंड मिळाल्यावर तो २४ नाही तर १४ सेकंदांवर येतो, हे ध्यानात ठेवून सरावाच्या सामन्यांतही तुम्ही न चुकता लावता. त्या दहा सेकंदांच्या फरकाने घाईचे किती शॉट वाचतात!

सोमवारपासून संघातले दोघे पाळीपाळीने सरावाच्या वीस मिनिटं आधी मॉप मारायला येतील, आणि सराव संपल्यावर बॉल मोजून कपाटात ठेवतील. मॉपचं कापड कुठे झटकायचं आणि कुठे वाळत घालायचं, तेवढं पहिल्या दिवशी त्यांना दाखवा. डाव्या रिंगची जाळी खालून दोन ठिकाणी उसवली आहे. नवी आणून ठेवली आहे, शिडी धरायला आम्ही येतो.

आपले,
महाविद्यालयाच्या पुरुष बास्केटबॉल संघातले सर्व खेळाडू