वैशू, नकाराचा कागद एवढ्यात देऊ नकोस

प्रिय वैशू,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर हे सगळं धड बोलता येणार नाही, मागून कुणीतरी हाक मारतंच, म्हणून सरळ लिहायलाच बसले. तर तुमच्या बँकेत प्रमोशनचं सर्क्युलर आलंय, तू पात्र आहेस आणि तू नको म्हणून लिहून द्यायच्या बेतात आहेस, कारण पोस्टिंग कुठे टाकतील भरवसा नाही, सासूबाईंचं वय झालंय, आर्यन आत्ता कुठे कॉलेजला लागलाय आणि तुझ्याच शब्दांत "आता या वयात माझं डोकंच चालत नाही गं". बाकीची कारणं मला कळतात, पण हे शेवटचं फार लागलं. म्हणून आधी तेच.

अगं, रात्री तीनला घामाघूम होऊन उठायचं, परत डोळा लागत नाही, आणि सकाळी दहाला कॅशला बसायचं, मग नोटा मोजताना आकडा विसरणारच की! त्यात तुझी बुद्धी कुठे कमी झाली? माझं हे पाळी जायच्या आधीचं सुरू झालं तेव्हा मलाही वाटलं आता आपण संपलो. आमच्या हेड कॅशियर मॅडमनी मला न विचारताच ओळखलं. पंख्याखालची त्यांची जागा मला दिली, स्वतः आतल्या टेबलावर गेल्या, कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत आणि दुपारी डबा खाताना शांतपणे सगळं समजावून सांगितलं. आपल्याकडे साधारण ४६-४७ ला पाळी थांबते, पण त्याच्या आधीची काही वर्षं अशीच वरखाली जातात. सलग १२ महिने आली नाही की मग थांबली म्हणायचं, आणि त्यानंतर परत कधी डाग जरी दिसला तरी अंगावर काढायचं नाही, लगेच डॉक्टर. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, थकवा सगळा वयाचाच असतो असं नाही. माझ्या आईने यातलं एक वाक्य मला कधी सांगितलं नाही, तिलाही कुणी सांगितलं नसणार. म्हणून मी तुला इतकं उघड लिहितेय.

आता परीक्षेचं. जेएआयआयबीला, म्हणजे बँकेतल्या लोकांच्या त्या परीक्षेला, आपलं काय जमणार असं तू लिहिलंयस. आता ४ पेपर असतात, प्रत्येकात १०० पैकी ५० लागतात, आणि एकाच वेळी सगळे दिलेस तर प्रत्येकात ४५ आणि एकूण सरासरी ५० असली तरी पास करतात, चुकलेल्या उत्तराला मार्कही कापत नाहीत. आम्ही वेगवेगळ्या ब्रँचच्या बायका रात्री ओटा आवरून साडेनऊला कॉलवर यायचो. एकजण वाचायची, बाकीच्या ऐकायच्या, कुणाचा कुकर राहिलेला असायचा, कुणी पोळ्यांची कणीक मळत ऐकायची. अकाउंट्सच्या पेपरला आम्ही सगळ्याच घाबरायचो, तो आम्हाला आमच्या मुलींच्या वयाच्या एका नवीन ऑफिसर पोरीने शिकवला, आणि तिला बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर आम्ही सांभाळून घेतलं, डे एंडला, दिवसाचे हिशोब बंद करताना, तिला कधी अडकू दिलं नाही. वैशू, मला मदत म्हणजे हे वाटतं. "तू करशीलच" लिहून खाली बदाम टाकणाऱ्या पुष्कळ असतात, त्यांचं मन वाईट नसतं, पण त्याने काही हलत नाही. फॉर्मची शेवटची तारीख लक्षात ठेवून फोन करणारी, तुझं काउंटर तासभर ओढणारी बाई पाहिजे.

आणि पैशाचं खरं बोलणारी पण. दुसऱ्या बँकेतल्या माझ्या एका मैत्रिणीने प्रमोशनच्या आधीची आणि नंतरची पगाराची स्लिप शेजारी शेजारी ठेवून मला दाखवली. बायका आपसात साड्यांच्या किमती सांगतात, पगार सांगत नाहीत, मला हे अजिबात पटत नाही. तू आणि मी २०१० च्या आधी लागलेल्या, पेन्शनवाल्या. आपलं पेन्शन शेवटच्या १० महिन्यांच्या पगाराच्या सरासरीवर ठरतं. म्हणजे आज तू जे नको म्हणतेयस ते साठीनंतर जन्मभर दर महिन्याला कमी येणार आहे. हा हिशोब घरात कुणी मांडलाय का? सासूबाईंच्या औषधांचा मांडला असेल.

आपण बँकेत काम करणाऱ्या, म्हणून मला गिरणगावातल्या खाणावळवाल्या नेहमी आठवतात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा त्या बायकांकडे गहाण टाकायला काही नव्हतं, गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घालायच्या आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेल्या. मग त्यांनी गट केले, एकमेकींची हमी घेतली, आणि राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना कर्ज दिलं. तारण काय, तर शेजारणीचा शब्द. आपल्याकडे कायमची नोकरी आहे, पगार आहे, आणि आपण एकमेकींसाठी एवढं उभं राहू नये?

सोपं आहे असं मी म्हणणार नाही. मला कोकणात टाकलं तेव्हा पहिला पावसाळा फार जड गेला, थकलेल्या कर्जांच्या वसुलीला जायचं, लोक म्हणायचे साहेबांना पाठवा. पण तिथल्या ब्रँचच्या क्लार्क मॅडमनी मी पोचायच्या आधीच खोली बघून ठेवली होती, डब्याचं ठरवलं होतं, आणि इकडे आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्या सासूबाईंना दर महिन्याला तपासणीला न्यायच्या. ह्यांनी स्वयंपाक शिकून घेतला, आधी कुरकुर केली, आता आमटी माझ्यापेक्षा बरी करतात.

आणि हेही सांगते, आमच्या त्याच कॉलवरच्या एकीने प्रमोशन न घेता व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. २० वर्षं सर्व्हिस झालेली होती, ३ महिन्यांची नोटीस दिली, आता घरी शिवणाचे क्लास घेते. तिच्या पेन्शनचे कागद आम्हीच बसून भरले. तेव्हा तू नाही म्हणालीस तरी माझी काही तक्रार नाही, फक्त ते नाही तुझं असू दे, झोप न झालेल्या रात्रीचं नको आणि घरातल्या गप्प चेहऱ्यांकडे बघून तर अजिबात नको.

तर आता काय करायचं ते ऐक. नकार दिला तर पुन्हा किती वर्षं अर्ज करता येत नाही ते तुमच्या बँकेच्या नियमात वाच. सर्क्युलरचा फोटो मला पाठव. रविवारी रात्री साडेनऊला कॉलवर ये, तुझा नंबर मी ग्रुपमध्ये दिलाय, अकाउंट्स शिकवणारी ती पोरगीही असणार आहे. आणि आर्यनच्या बाबांना सांग की मी शनिवारी त्यांच्याशी स्वतः बोलणार आहे.

तुझी,
मंजू

ता. क. थायरॉइडची टेस्ट सकाळीच करून टाक, मग सरळ बँकेत जा. रजा टाकायची वाट बघत बसलीस तर दिवाळी येईल.