वासा जहाज आणि तुझी सही

स्टॉकहोम, जानेवारीअखेर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू ऑफिसात इमारतीच्या कागदावर मागितलेल्या सहीचा विषय काढलास आणि लगेच ‘जाऊ दे बाबा, तुम्ही फिरा’ म्हणून बंद केलास. आम्ही फिरलो. तेच सांगायला बसलोय, पण सहीचं मी विसरलेलो नाही.

दादा आणि वहिनी दोघांनाही ऑफिस होतं, म्हणून आम्ही दोघंच निघालो. ‘हिवाळ्यात काय बघणार, जूनमध्ये या’ असं दादा तिकिटं काढेपर्यंत म्हणत होता. तुझी आई लोणच्याच्या दिवसांत घर सोडत नाही हे त्याला अजून कळलेलं नाही. सूर्य उगवतो सव्वाआठला आणि पावणेचारला मावळतो, त्यामुळे आठच्या आत घराबाहेर पडायचं असं ठरलं. आईने थर्मलवर पंजाबी ड्रेस, त्यावर वहिनीचं गुडघ्यापर्यंतचं जाकीट आणि कानटोपी चढवली. शिवाय वहिनीने आमच्या बुटांखाली रबरी पट्टे बांधून दिले. त्यांना बारीक लोखंडी खिळे असतात, बर्फावर पाय सरकू नये म्हणून. आईने ते घालून फरशीवर दोन पावलं टाकली आणि म्हणाली, बैलाला नाल ठोकतात ते हेच. पण दिवसभरात ती एकदाही घसरली नाही. फुटपाथवर सगळीकडे खडीची बारीक चूर टाकलेली असते. काही ठिकाणी अर्ध्या फुटपाथला दोरी लावून माणूस उभा होता, कारण वर छपरावर चढलेली माणसं फावड्याने बर्फ खाली ढकलत होती. एक ढीग धप्पकन पडला तेव्हा आईने माझा दंड धरला. तो पुढे बराच वेळ सोडला नाही, हे दादाला सांगू नकोस.

इथली मेट्रो 1950 ची. दादाच्या घराकडून शहरात येणारी निळी मार्गिका बरीच नंतरची, 1975 ची, आणि तिची बहुतेक स्टेशनं खडकात कोरलेली आहेत. कोरलेला खडक तसाच ठेवून वर रंग दिलाय. टी-सेंट्रालेन या मुख्य स्टेशनात पांढऱ्या खडकावर निळ्या वेली चितारल्या आहेत. सगळे त्यांचेच फोटो काढतात. पण छताकडे नीट पाहिलं तर तिथे माणसांच्या निळ्या छाया आहेत: वेल्डर, सुतार, बोगदा खोदणारे. ज्यांनी स्टेशन बांधलं त्यांनाच चित्रकाराने तिथे ठेवलंय. पेर उलोफ उल्टव्हेट त्याचं नाव. माझ्यासारख्या गोदीतल्या माणसाला हे फार आवडलं.

शेवटच्या स्टेशनाला उतरून पूल ओलांडला की जुनं शहर, गाम्ला स्तान. राजवाडा लांबट, तपकिरी आणि कंटाळवाणा वाटला. त्याच्या समोरच्या फिनिश चर्चमागच्या छोट्या अंगणात मात्र आई रमली. तिथे लोखंडाचा एक मुलगा आहे, गुडघे पोटाशी घेऊन आकाशाकडे बघत बसलेला. उंची जेमतेम 15 सेंटिमीटर. थंडीत कोणीतरी त्याला लोकरीची टोपी आणि मफलर विणून घालतं, समोर नाणी ठेवतं. आईने टोपीचे टाके वाकून तपासले आणि सुयांचा नंबर मोठा घेतलाय असा निकाल दिला. पुढच्या वेळी ती स्वतः विणून आणणार आहे.

मोठ्या चौकात नोबेलचं संग्रहालय आहे. तिथे अमर्त्य सेन यांची जुनी सायकल ठेवलीय, बंगालच्या खेड्यांत फिरून माहिती गोळा करताना वापरलेली. इतक्या मोठ्या बक्षिसाच्या घरात आपल्याकडची साधी सायकल बघून मी उगाच ताठ झालो. याच चौकात 1520 मध्ये डेन्मार्कच्या राजाने ऐंशीच्या वर माणसांची मुंडकी उडवली होती. आईला तो भाग सांगितला नाही, तिची कॉफी चालू होती.

आता जहाजाकडे येतो. स्लुसेनच्या धक्क्यावरून युरगॉर्डेन बेटाला बोट जाते. मेट्रोचंच तिकीट चालतं. काठाला बर्फाचे पापुद्रे होते आणि बोट ते करकर फोडत निघाली. आई आत हीटरजवळ बसली, मी बाहेर. कारण जवळजवळ याच पाण्यावर 10 ऑगस्ट 1628 ला वासा या युद्धनौकेचं पहिलं प्रस्थान झालं होतं. तेराशे मीटर गेली असेल नसेल, वाऱ्याचा एक झोत आला, ती कलली, तोफांच्या खालच्या रांगेच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि काठावर जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत बुडाली. सुमारे तीस माणसं गेली.

ते जहाज आता ज्या संग्रहालयात ठेवलंय त्याच्या छपरावर खुणेच्या डोलकाठ्या उभ्या आहेत, जहाजाच्या मूळ डोलकाठ्या कुठवर पोचत ते दाखवायला. आत शिरलो आणि मनू, मी बोलायचाच थांबलो. माझगाव गोदीत आयुष्य गेलं, जहाजं रोजची. पण हे लाकडी, 69 मीटर लांब, मागच्या बाजूला सिंह आणि योद्ध्यांची कोरीव रास, आणि अठ्ठ्याण्णव टक्के लाकूड मूळचं! आपल्या मुंबईच्या पाण्यात लाकडी होडीचा तळ किडा पोखरून टाकतो. बाल्टिकच्या पाण्यात मीठ इतकं कमी की तो किडा तिथे जगतच नाही. म्हणून 333 वर्षं तळाशी राहून 1961 मध्ये जहाज वर आलं. लाकूड सुकून फाटू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं रसायन फवारत होते. आत उजेड मंद ठेवलाय तोही त्याच काळजीने.

का बुडालं हे मला तिथल्या पाट्या वाचण्याआधी दिसलं. पाण्यावरचा भाग भला थोरला, दोन मजले तोफा, एकूण 64. पाण्याखालचं पोट अरुंद. तळात दगडांचं बॅलास्ट, म्हणजे तोल राखायला भरलेलं वजन होतं, पण जास्त भरायला जागाच नव्हती, आणि भरलं असतं तर खालच्या खिडक्या पाण्याला आणखी जवळ आल्या असत्या. जहाजावर चार मोजपट्ट्या सापडल्यात, दोन स्वीडिश फुटाच्या, दोन ॲमस्टरडॅमच्या, आणि ते दोन फूट सारखे नव्हते. ड्रॉइंग ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाच्या पोटात हे वाचून गोळा येतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती मी तुझ्यासाठी वाचली. निघण्यापूर्वी जहाजाची चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळवलं. आम्ही हेच काम वजनं सरकवून आणि ओळंबा किती ढळतो ते मोजून करायचो. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं झुललं की ॲडमिरल फ्लेमिंगने चाचणीच थांबवली. एका खलाशाने शंका काढली, तर त्याला सांगण्यात आलं की बांधणाऱ्याने याआधी जहाजं बांधली आहेत, तू काळजी करू नकोस. राजा गुस्ताव अडॉल्फ युद्धावर होता आणि जहाज लवकर हवं म्हणून तगादा लावत होता. बुडाल्यावर चौकशी बसली. मुख्य बांधणारा आदल्याच वर्षी वारलेला. मोजमापं राजाने मंजूर केलेली. दोष कोणाचा, तर ते देवालाच ठाऊक! शिक्षा कोणालाच झाली नाही.

आता तुझं. जुन्या इमारतीवर एक मजला चढवायचा, खालच्या खांबांची तपासणी अर्धवट, आणि साहेब म्हणतात, आधीच्या लोकांनी पाहिलंय, तू सही कर. तू घाबरट आहेस असं तुला वाटतंय. मला तसं अजिबात वाटत नाही. त्या धक्क्यावर चाचणी पाहणारे सगळेच अनुभवी होते, आणि जहाज कसं झुललं ते प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं. कमी पडला तो कागद. एकाने जरी ‘हे असं झालं, माझ्या मते जहाज सोडू नये’ असं लिहून खाली नाव घातलं असतं, तर चौकशीला निदान एक कागद मिळाला असता. कदाचित चौकशीची वेळच आली नसती. तोंडी शंका हवेत जाते हे मी नोकरीत पाहिलंय. साहेबांशी भांडू नकोस. आकडे लिही, कुठल्या खांबाची तपासणी हवी ते लिही, तारीख घाल आणि ईमेल कर. तुझ्या आईचं मत याहून कडक आहे. ट्रामने परत येताना ती म्हणाली, नोकरी दुसरी मिळेल.

बाहेर आलो तर अंधार पडला होता आणि घड्याळात चार वाजले होते. ट्रामने शहरात परत आलो. आईला या दिवसांत मिळणारा सेम्ला खायचा होता: वेलचीचा गोल पाव, आत बदामाचा सारण, वर क्रीमचा डोंगर. वेलची तिला पसंत पडली, क्रीम तिने माझ्या बशीत ढकललं. रोख पैसे घेतलेच नाहीत, कार्ड लावायला लागलं. कुंग्सट्रेडगॉर्डन या बागेत बर्फाच्या रिंगणावर लहान पोरं स्केटिंग करत होती आणि कठड्याला रेलून त्यांच्या आज्या थर्मासमधून काहीतरी पीत उभ्या होत्या. आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. भाषा कोणालाच येत नव्हती, तरी बराच वेळ हातवारे चालले होते.

उद्या दादाला सुट्टी आहे, स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयाला जायचं ठरतंय. तू आज रात्री तुझं कॅल्क्युलेशन मला पाठव. सगळी पानं पाठव, आणि स्कॅन करताना खालची समासाची बाजू कापू नकोस, तिथेच तू लोड लिहितेस. मी रात्रीच बघतो, इथे अंधार लवकर पडतो, वेळ भरपूर आहे.

तुझे,
बाबा