एन/ए म्हणजे काय रे भाऊ

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला एसडीएसचा फोटो मिळाला. "ताई, ही रसायनाची माहिती आहे की गाड्यांचे नंबर?" हे वाचून हसले. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात माझंही तेच झालं होतं.

एसडीएस म्हणजे सेफ्टी डेटा शीट. जुने लोक एमएसडीएस म्हणतात, वस्तू तीच. भाग १६, क्रम ठरलेला. सगळं पाठ करत बसू नकोस. बाटलीला हात लावण्याआधी दुसरा, चौथा आणि आठवा भाग वाच: धोके, प्रथमोपचार, आणि हवेतल्या मर्यादा व पीपीई (हातमोजे, चष्मा वगैरे संरक्षक साधनं). एच-कोड धोका सांगतो, पी-कोड काय करायचं ते. तुझ्या शीटवर एच२२५ आहे, म्हणजे द्रव आणि त्याची वाफ दोन्ही भडकन पेटणारी. पी३०५+पी३५१+पी३३८ मधली अधिकची चिन्हं पाहून दचकू नकोस, ते तिन्ही एका दमात वाचायचे: डोळ्यांत गेलं तर काही मिनिटं पाण्याने जपून धुवायचं, लेन्स सहज निघत असतील तर काढायच्या, धुणं चालूच ठेवायचं.

हवेतल्या मर्यादांपैकी टीडब्ल्यूए ही ८ तासांची सरासरी, एसटीईएल १५ मिनिटांची. सरासरीत बसतंय म्हणून उघड्या ड्रमवर वाकायचं नाही.

खरा घोळ आकड्यांचा. एलडी५० म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती; हा आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. जीएचएसमध्ये (धोक्यांच्या जागतिक वर्गीकरणात) कॅटेगरी १ सगळ्यांत वाईट, आणि एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या रंगीत चौकटीत ४ सगळ्यांत वाईट! ड्रमवर दोन्ही शेजारी असले की भलेभले उलटं वाचतात.

पण मी फसले ती एन/ए ला. विषारीपणाच्या रकान्यात एन/ए दिसलं, मी "धोका नाही" समजून हातमोजे न घालताच नमुना काढायला निघाले. सुपरवायझरबाईंनी काही न बोलता पेन्सिलने त्या दोन अक्षरांभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, "लागू नाही, की माहीत नाही?" तिथे अर्थ दुसरा होता. कुणी तपासलंच नव्हतं.

तुझ्या फोटोत अकराव्या, म्हणजे विषारीपणाच्या भागात तीन एन/ए आहेत. पुरवठादाराला विचार, आणि काय म्हणतो ते मला कळव. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई